वारीच्या वाटेवरील कोरडे पाय

(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च आपल्या हाती आहेच. तो पुन्हा वाचून आपला वेळ घेत नाही. त्यातील एकाच बाबीविषयी बोलावयाचे आहे. आषाढी वारीतील वैद्यकीय पथकाच्या खर्चात औषधांपेक्षा ताडपत्र्या, टॉवेल, सुती मोजे आणि बादल्या यांच्या रकमा मोठ्या का, अशी विचारणा काही देणगीदारांनी केली आहे. विचारणा रास्त आहे. देणगी रुग्णसेवेसाठी दिली असता ती ताडपत्रीवर का जावी, याचा खुलासा झालाच पाहिजे.

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरात पोहोचते. अंतर सुमारे २५० किलोमीटर. तिथी तीच असली तरी इंग्रजी तारीख अधिक मासामुळे पुढेमागे होते. २०२३ साली प्रस्थान ११ जूनला होते व त्या वर्षी पाऊस लांबल्याने वारकरी उन्हाने हैराण झाले; २०२४ साली तेच प्रस्थान २९ जूनला आले. पालखी जितकी उशिरा निघेल तितका पाऊस गाठण्याचा संभव अधिक. त्यातही पुण्यापासून दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे हा टप्पा सह्याद्रीच्या जवळचा. नीरा ओलांडून लोणंद, फलटण मागे टाकले की पावसाचे प्रमाण घटत जाते. परंतु पहिल्या आठवड्यात भिजलेल्या पायांची दुखणी नेमकी तिथपासून पुढे डोके वर काढतात. म्हणूनच आमच्या पथकाची खरी वर्दळ पावसात नसून पाऊस थांबल्यावर असते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

आम्ही वाणिज्य शाखेचे. यातील वैद्यकशास्त्र आमच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले आहे, ते साध्या शब्दांत सांगतो. दिवसभर ओल्या चपलेत राहिलेली कातडी मऊ पडते, पांढुरकी होते. मऊ कातडीवर चपलेचा पट्टा घासला की फोड येतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि फुटलेल्या कातडीतून रस्त्यावरची घाण आत शिरते. यावर मलम आहे. परंतु ते लावून मनुष्य पुन्हा ओल्या जमिनीवर निजला, तर मलमाचा उपयोग किती? पायाला रात्रीचे सहा-सात तास कोरडे मिळाले, तर बहुतेक कातडी आपली आपणच सावरते. वारकरी राहुटी ठोकतो ती बहुधा शेतात. वरून प्लास्टिकचा कागद असतो, पण खालून ओल येते. त्या ओलीवर अंथरावयाची ताडपत्री म्हणजे आमच्या मते औषधच होय, आणि हिशेबात ती औषधांच्या शीर्षाखाली धरावी असे आमचे आग्रहाचे मत आहे. (लेखापरीक्षकांनी ते मान्य केलेले नाही.)

बादल्यांचे प्रयोजन असे, की मुक्कामी आलेल्या वारकऱ्याचे पाय स्वच्छ पाण्याने धुवावयाचे, बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी करावयाची आणि दिव्याच्या उजेडात तळवा पाहावयाचा. आमचे स्वयंसेवक हे काम जमिनीवर बसून करतात. प्रारंभी वयोवृद्ध मंडळी पाय पुढे करीत नसत. सेवेकऱ्याने पायास हात लावावा हे त्यांना संकोचाचे वाटे. मात्र वारीत सर्वच एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा तो संकोच फार टिकत नाही.

तळवा पाहण्याचा हेतू मधुमेह हा आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. काटा रुतला तरी कळत नाही, आणि चुलीपाशी पाय शेकताना भाजले तरी कळत नाही. शिवाय एक योग असा, की पुणे ते सासवड ही सुमारे ३० किलोमीटरची मोठी मजल, दिवे घाटाच्या चढासह, बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीस येते. म्हणजे उपवास, चढ आणि पाऊस हे तिन्ही एकाच दिवशी. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्यावयाचे आणि पोटात मात्र पुरेसे काही नाही, अशा स्थितीत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे. भर पावसात घाम कोणास दिसणार? घरातील कोणी मधुमेही वारीस जाणार असेल, तर उपवासाच्या दिवशीच्या मात्रेविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर ठेवावी, एवढी विनंती येथे बसलेल्या नातलगांना आहे.

एक उदाहरण सांगतो. तरडगावच्या मुक्कामी साठी ओलांडलेले एक शेतकरी आमच्या तंबूत आले, तेही खोकल्याचे औषध मागण्यास. पाय धुताना उजव्या अंगठ्याखाली जखम आढळली. चपलेचा खिळा आत आलेला होता आणि तीन-चार दिवस ते त्यावरच चालत होते. डॉक्टरांनी चालणे बंद करण्यास सांगितले. ते म्हणाले, "माउलींच्या मागं चालतोय, गाडीत बसून कसा जाऊ?" डॉक्टर समजावून थकले. अखेर दिंडीप्रमुखांना बोलावणे धाडले. त्यांनी जखम पाहिली आणि इतकेच म्हणाले, "बाबा, सामानाच्या ट्रकवर राखणीला माणूस पाहिजे. उद्यापासून ती सेवा तुमची." बाबा निमूटपणे ट्रकवर बसले. वाखरीपासून पुढे मात्र त्यांनी कोणाचेही ऐकले नाही, ते पायीच पंढरपुरात गेले. गावी परतल्यावर दिंडीप्रमुखांमार्फत आमच्या कार्यालयाने त्यांचा पाठपुरावा केला. अंगठा वाचला, जखम भरून यावयास दिवाळी उजाडली.

त्याच मुक्कामी तशाच जखमेच्या एक भगिनी आल्या होत्या. त्या कोणत्याही दिंडीत नव्हत्या, मोकळ्या चालत होत्या. स्वतःजवळ फोन नव्हता; गावाचे नाव सांगितले, त्या नावाची गावे अनेक तालुक्यांत आहेत. मलमपट्टी झाली, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, आणि त्या गर्दीत मिसळल्या. त्यांचे पुढे काय झाले, हे आमच्या नोंदवहीत नाही.

या दोन नोंदींमुळेच विश्वस्त मंडळापुढे प्रस्ताव ठेवला आहे. दुसऱ्या रुग्णवाहिकेसाठी देऊ केलेली देणगी त्या दात्यांच्या संमतीने दुसऱ्या कामी वळवावी. रुग्णवाहिकेवर दात्याचे नाव रंगवता येते, ताडपत्रीवर तसे शोभत नाही, याची जाणीव आम्हांस आहे. तथापि या मार्गावर शासनाच्या रुग्णवाहिका असतात. तळवे पाहणारे हात कमी पडतात. त्या रकमेतून लोणंद ते नातेपुते या मुक्कामांवर पाय धुण्याचे आणखी दोन तंबू उभारता येतील, दिंडीप्रमुखांची बैठक प्रस्थानापूर्वी घेता येईल, आणि वारीनंतर तीन महिने जखमी वारकऱ्यांची विचारपूस करण्यासाठी एक परिचारिका नेमता येईल. मोकळ्या चालणाऱ्यांना नाव, तालुका, जिल्हा आणि शेजाऱ्याचा का होईना फोन क्रमांक लिहिलेले कार्ड देण्याचे ठरविले आहे. त्याची दुसरी प्रत आमच्यापाशी राहील.

वस्तुरूपाने देऊ इच्छिणाऱ्यांनी जाड ताडपत्री, सुती मोजे आणि टॉवेल द्यावेत. वापरलेले कपडे व मुदत संपत आलेली औषधे कृपया आणू नयेत. वस्तू वैशाख अखेरीपर्यंत रुग्णालयाच्या भांडारात पावती घेऊन जमा कराव्यात. प्रस्तावाची प्रत सोबत जोडली आहे. दात्यांनी आपली संमती वा हरकत लेखी कळवावी, ही विनंती.