मिसेस राल्फ स्माफील्ड यांचं नाव काय होतं?



मला तंत्रज्ञानावर बोलायला बोलावलंय. मी केकवर बोलणार आहे, थोडं सांभाळून घ्या.

डिसेंबर १९४९. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात पिल्सबरी या पिठाच्या कंपनीने शंभर इलेक्ट्रिक ओव्हन मांडले. शंभर स्पर्धक, त्यांत पुरुष फक्त तीन. बाकी सगळ्या घरात रांधणाऱ्या बायका. पाहुण्या म्हणून एलिनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. पहिलं बक्षीस ५०,००० डॉलर, आणि तेव्हा साधारण अमेरिकन कुटुंबाची वर्षाची कमाई तीन हजारांच्या आसपास. हिशेब करा.

ते जिंकलं रॉकफर्डच्या थिओडोरा स्माफील्ड यांनी. त्यांनी यीस्टचं पीठ मळलंच नाही. फडक्यात गुंडाळून कोमट पाण्यात सोडलं, तिथेच ते फुगलं. मग त्याला पीळ देऊन भाजलं. प्रयोगशाळेत झालं असतं तर आपण याला संशोधन म्हटलं असतं. पण कंपनीच्या पाककृतींच्या पुस्तिकेत नाव छापलं 'मिसेस राल्फ ई. स्माफील्ड'. पाव थिओडोराचा, नाव राल्फचं! तेव्हाची रीतच ती. बहुतेक सगळ्या जणी अशाच नवऱ्याच्या नावाने छापल्या जायच्या.

कंपनी काही समाजसेवा करत नव्हती, तिला पीठ विकायचं होतं. तरी त्या ओव्हनसमोर उभ्या राहिलेल्या बाईच्या कामाला पहिल्यांदा किंमत लागली होती, तीही डॉलरमध्ये. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

दुसरी गोष्ट १९६६ची. टेक्सासच्या एला हेल्फ्रिक यांचा 'टनेल ऑफ फज' केक दुसरा आला, बक्षीस ५,००० डॉलर. तो मधे भोक असलेल्या नक्षीदार बंट भांड्यात केला होता. मिनियापोलिसमधल्या ज्यू महिलांनी १९५० साली एका कारखानदाराकडून हे भांडं मागून करून घेतलं होतं, पण ते फारसं खपत नव्हतं. या केकनंतर पिल्सबरीकडे दोन लाखांहून जास्त पत्रं आली, हे भांडं कुठे मिळेल?

माझ्यासारख्याला गंमत पुढे वाटते. एलाबाईंच्या कृतीत पिल्सबरीचंच तयार फ्रॉस्टिंगचं पाकीट लागायचं. कंपनीने ते बंद केलं आणि केक अडला. आमच्या भाषेत, डिपेंडन्सी गेली. लोकांनी तगादा लावल्यावर कंपनीला कोको घालून कृती नव्याने बसवावी लागली.

आता मूळ मुद्दा. निकाहनंतरही बाईचं नाव तिचंच राहतं, हे आपण अभिमानाने सांगतो. मग घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून बघा. वराचं नाव, त्याच्या वालिदांचं नाव, दादांचं नाव. वधू म्हणजे नुसती 'दुख्तर-ए-नेक-अख्तर'. माझ्या बहिणीच्या पत्रिकेतही तेवढंच होतं. मजकूर मीच कॉम्प्युटरवर टाइप केला होता, आणि प्रूफही मीच तपासलं होतं.