उकिरडा कधी भरत नसे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याचा. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता माळशेज घाट चढू लागतो, त्याच्या पायथ्याशी आमचं गाव. लहानपणी आमच्या घरामागं उकिरडा होता. शेण, राख, भाजीची देठं, गोठ्यातली उरलेली वैरण, सगळं त्यात जायचं. वर्षभर तो भरायचा आणि उन्हाळ्यात रिकामा व्हायचा. खत बैलगाडीनं भाताच्या खाचरात जाऊन पडायचं. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. आमच्या उकिरड्याची दर वर्षी फिटत असे. ‘उकिरडा भरला, आता दुसरी जागा बघा’, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

नोकरीसाठी कल्याणला जाऊ लागलो आणि शहराचा उकिरडा पाहिला. खाडीलगतचं आधारवाडीचं डंपिंग. कचऱ्याचा डोंगरच तो! उन्हाळ्यात आग लागायची, धूर वस्तीत शिरायचा. घनकचऱ्याची विल्हेवाट नीट लागत नाही, म्हणून २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी द्यायलाच मनाई केली होती. ती उठायला सुमारे वर्ष लागलं.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. घरोघरी कचरा वेगळा केला, तर अशा डेपोचं आयुष्य खरंच वाढतं का? की ती आपली मनाची समजूत?

चला, साधा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, एका शहरात रोज १० टन कचरा निघतो आणि डेपोत १० वर्षं पुरेल एवढी जागा आहे. आपल्याकडच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा असा विकण्याजोगा सुका माल पाव हिस्सा धरू. उरलेला पाव हिस्सा म्हणजे माती, चिंध्या, डायपर, वेफर्सची पाकिटं.

आता सगळ्यांनी फक्त सुका माल वेगळा काढला, तर डेपोत रोज साडेसात टन जाईल. १० वर्षांची जागा तेरा-सव्वातेरा वर्षं पुरेल. सुक्याबरोबर ओलाही वेगळा ठेवून त्याचं खत केलं, तर अडीच टनच उरतो. तीच जागा ४० वर्षं पुरते! पण हे निम्म्याच घरांनी केलं, तर रोज सव्वासहा टन डेपोत जातोच आणि जागा १६ वर्षांत संपते.

हा हिशेब वजनाचा आहे. प्लास्टिक हलकं असलं तरी जागा अडवतं, ओला कचरा कुजून खाली बसतो. त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा तीच राहील.

शिवाय सुक्या मालातला बराचसा डेपोत पोचतच नाही. रद्दी आपण विकतोच, उरलेलं कचरावेचक वेचतात. पुण्यात १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था सुरू झाली. घरोघरचा वेगळा केलेला कचरा त्या नेऊ लागल्या. पण डाळीचं पाणी सांडलेला कागद त्यांच्याही कामाचा नाही. म्हणजे ओला वेगळा ठेवला, तरच सुक्याला भाव. सगळी किल्ली त्या ओल्या बादलीत आहे.

हे नुसतं कागदावर नाही. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेनं रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना हे करून दाखवलं. ओल्याचा बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात. जिथं नाक दाबून जायचं, तो डेपो बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. हेच कोकरे पुढं कल्याण-डोंबिवलीत उपायुक्त झाले. मे २०२० मध्ये तिथं शून्य कचरा मोहीम सुरू झाली. ओला-सुका एकत्र असेल तर कचरा घ्यायचा नाही, असं ठरलं. कुरकुर झाली, पण मे २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणं थांबलं. अर्थात, घरोघरच्या बादल्यांच्या जोडीला वेगळ्या गाड्या आणि उंबर्ड्यासारखे प्रकल्प होते, हे विसरून चालणार नाही.

कारण उलटा अनुभवही मी घेतलाय. एका नातेवाइकांकडे दोन बादल्या नेमानं भरल्या जात. घंटागाडीत मात्र दोन्ही एकाच कप्प्यात रिकाम्या होत. चार महिन्यांत वहिनींनी एक बादली माळ्यावर टाकली. त्यांना दोष कसा देणार?

तुम्ही म्हणाल, वैशाखऱ्याच्या माणसाला शहराच्या डेपोची एवढी काळजी का? तर डेपो भरला की शहर नवी जागा शोधतं, आणि ती कुठल्या तरी गावाच्या शिवारात असते. पुण्याच्या कचऱ्यापायी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं, ते आपण वाचलंय. विहिरीचं पाणी बिघडतं ते गावाचं. मुरबाड, शहापूरला आता नगरपंचायती आहेत. तिथं कचऱ्याचे डोंगर उभे राहण्याआधीच सवय लागली, तर ती स्वस्तात पडेल.

आणि गावानंही आरशात पाहावं. काही वर्षांपूर्वी लावणीच्या वेळी चिखलात माझ्या हाताला काच लागली. शोधू लागलो तर शांपूच्या पुड्या, दाढीचं पातं, पिशव्यांच्या चिंध्या! सगळं आमच्याच उकिरड्यातून खताबरोबर शेतात आलं होतं. पर्यटकांना नावं ठेवणारा मी, पण ही काच माझ्याच घरची होती. त्या दिवसापासून मागच्या दारी गोणपाट टांगलंय. काच, प्लास्टिक, पत्रा त्यात. उकिरड्यात फक्त कुजणारं.

तेव्हा श्रोतेहो, डेपोचं आयुष्य वाढतं का, तर हो, वाढतं. पण नुसती रद्दी विकून थोडं, आणि ओलं वेगळं ठेवून कितीतरी पट. तेही घर, गाडी आणि नगरपालिका या तिघांनी आपापलं काम केलं तर. आपल्या हातात पहिलं आहे. ते करावं, आणि उरलेल्या दोघांच्या मागं लागावं.

आमचा उकिरडा पुन्हा उन्हाळ्यात रिकामा होतो. यंदा त्यात काच निघाली नाही.