फुल्ल रेंज, तरी नेट का अडकतं? गोष्ट वायफायच्या कंट्रोलरची

आजचा विषय निगडी-प्राधिकरणात होस्टेलवर किंवा पीजीमध्ये राहणाऱ्या प्रत्येकानं भोगलेला आहे. वायफायची रेंज फुल्ल, आणि व्हिडिओ मात्र नुसता गोल गोल फिरतोय.

तक्रार केली की मालक काय करतो? अजून एक राउटर आणून लावतो. आणि गंमत बघा, त्यानंतर नेट कधी कधी आणखीच बिघडतं!

कारण साधं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, हा वायफायचा नियम. समजा चार मजल्यांवर आठ डबे आहेत आणि त्यातले पाच एकाच चॅनेलवर, पूर्ण ताकदीनं ओरडतायत. मग डबे वाढले की रांगही वाढणार.

दरवर्षी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी निगडीवरून आकुर्डीला मुक्कामी येते. इतक्या दिंड्या, प्रत्येकीचे टाळ-मृदंग वेगळे, तरी गोंधळ होत नाही. कारण प्रत्येक दिंडीला नंबर आहे, तिची जागा ठरलेली आहे. वायफायमध्ये ही जागा ठरवून देण्याचं काम करतो कंट्रोलर. सगळे ॲक्सेस पॉइंट त्याला एकत्र दिसतात. कुणी कोणत्या चॅनेलवर बसायचं, आवाज किती ठेवायचा, हे तो ठरवतो.

दुसरा फायदा चालताना कळतो. चाकणच्या एखाद्या गोदामात हातात स्कॅनर घेऊन माणूस या टोकाकडून त्या टोकाला जातो. कोणत्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचं हे शेवटी फोन किंवा स्कॅनर स्वतःच ठरवतो, बरं का! गेटजवळचा डबा जोरात ओरडत असेल, तर स्कॅनर आत गेल्यावरही त्यालाच धरून बसतो. मग एन्ट्री अडकते, गाडी थांबते. कंट्रोलर अशा वेळी जवळचा पॉइंट कोणता ते सुचवतो, आणि नव्या पॉइंटवर ओळख पटवण्याचा वेळ कमी करतो. मात्र त्यासाठी स्कॅनरलाही ती सोय समजायला हवी.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधले संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ मधली ‘क्रॅक’ नावाची त्रुटी जाहीर केली. फोन, लॅपटॉप यांच्यासोबत अनेक ॲक्सेस पॉइंटनाही अपडेट द्यावे लागले. आता विचार करा, चाळीस डबे असतील तर शिडी आणि लॅपटॉप घेऊन एकेक कोण करत बसणार? चार राहून जाणार, आणि चोराला एक पुरतो. कंट्रोलर असेल तर एका जागेवरून सगळ्यांना अपडेट जातो, आणि कोण राहिला तेही दिसतं. काम सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिनही एकाच जागी बंद करता येतं.

मोठं उदाहरण हवंय? जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गुगलनं मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर मोफत वायफाय सुरू केलं. जून २०१८ पर्यंत ४०० स्टेशनं झाली. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, की चालू. एवढा पसारा प्रत्येक डबा वेगवेगळा सांभाळून चालला असता का? 

पण कंट्रोलर म्हणजे जादू नाही. बाहेरून येणारी लाइनच बारीक असेल, तर तो स्पीड वाढवत नाही. टू बीएचकेमध्ये एका राउटरवर भागत असेल, तर त्याची गरजही नाही. बहुतेक वेळा कंट्रोलर आणि ॲक्सेस पॉइंट एकाच कंपनीचे घ्यावे लागतात, म्हणजे पुढची खरेदीही तिथेच बांधली जाते. आणि तो स्वतः बंद पडला तर? काही सिस्टीममध्ये पॉइंट चालू राहतात, काहींत लॉगिनचं पान उघडत नाही.

म्हणून होस्टेल असो, अभ्यासिका असो की भोसरीतलं छोटं वर्कशॉप, नवा डबा घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. चॅनेल कोण ठरवणार? अपडेट कोण देणार? कंट्रोलर बंद पडला तर काय चालू राहणार? उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.

हा भाग तुमच्या पीजीच्या मालकाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!