क्लाउडमधील बिऱ्हाड

बिऱ्हाडासाठीं जागा पाहूं जाणारा शहाणा गृहस्थ नुसतें भाडें विचारून परतत नाहीं. पुढेंमागें जागा सोडावी लागली तर अटी कोणत्या, हेंही तो आधींच विचारून घेतो. हीच सावधगिरी आज एका नव्या जागेविषयीं अवश्य झाली आहे. या जागेस क्लाउड म्हणतात.

नांवांत ढग असला तरी ही जागा जमिनीवरचीच आहे. मोठमोठ्या इमारतींत रांगेनें मांडलेले संगणक, त्यांस अखंड वीज व थंड हवा, आणि त्यांचा लहानमोठा भाग वापराच्या हिशेबानें भाड्यानें देणारी कंपनी, एवढाच त्याचा अर्थ. या व्यापारांत अमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल या अमेरिकन कंपन्या अग्रेसर आहेत. मायक्रोसॉफ्टचीं संगणकगृहें २०१५ पासून पुण्यास, अमेझॉनचीं २०१६ पासून व गूगलचीं २०१७ पासून मुंबईस आहेत.

मग निवड कोणाची करावी? ज्या कचेरीचें काम पूर्वींपासून मायक्रोसॉफ्टच्या साधनांवर चालतें, तिला त्याच कंपनीची अझूर सेवा सोयीची. नाना प्रकारच्या सेवा हव्यात त्यानें अमेझॉनकडे जावें. अफाट माहितीचें पृथक्करण करावयाचें त्यानें गूगलकडे, असा सल्ला बहुधा मिळतो. तो चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. साधा संगणक भाड्यानें घेतला तर त्यावरील काम दुसरीकडे हलवितां येतें. परंतु एकाच कंपनीच्या खास सेवेवर बांधलेलें काम हलवितांना बरेंचसें नव्यानें लिहावें लागतें. शिवाय माहिती आंत आणण्यास बहुधा आकार नसतो. बाहेर नेण्यास मात्र पडतो. २०२४ सालीं तिन्ही कंपन्यांनीं कायमचें सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांस हा आकार माफ केल्याचें जाहीर केलें. पण नव्यानें लिहिण्याचे श्रम कोण माफ करणार?

त्याच वर्षाच्या मे महिन्यांत ऑस्ट्रेलियांतील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीच्या सहा लाखांहून अधिक सभासदांस सुमारें आठवडाभर आपलें खातें पाहतां येईना. ही व्यवस्था उभारतांना गूगलकडून एक रकाना कोरा राहिला होता; त्यामुळें तिची मुदत एक वर्षाची धरली गेली, आणि ती संपतांच व्यवस्था आपोआप पुसली गेली. पैसा सुरक्षित होता. कारभार पुन्हां उभा राहिला तो मूळ व्यवस्थेहून निराळ्या राखलेल्या प्रतींमुळें.

कंपनी कितीही थोर असो, चूक व्हावयास एक कोरा रकाना पुरतो. म्हणून निवड करणाऱ्यानें दरपत्रकाआधीं तीन गोष्टींचा निकाल लावावा: माहिती कोठें राहील, ती परत नेण्यास किती वेळ व खर्च लागेल, आणि तिची एक प्रत अन्यत्र आहे कीं नाहीं. यांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत त्यास तिघींपैकीं कोणतीही चालेल. ज्याच्यापाशीं नाहींत त्यास एकही पुरणार नाहीं.