घरगुती कचेरी आणि शाईचें यंत्र

शिरूर आणि दौंड हीं दोन्ही तालुक्याचीं गांवें. एक घोडनदीच्या कांठीं, दुसरें भीमेच्या कांठचें रेल्वेचें जंक्शन. रांजणगांव आणि कुरकुंभ येथें कारखाने झाले, आणि घरच्याच खोलींत मेज मांडून हिशेबाचीं, करविवरणांचीं, अर्जांचीं कामें करणाऱ्यांस उद्योग मिळाला. अशा घरीं छपाई, नक्कल व स्कॅन हीं तिन्ही कामें करणारा साधा इंकजेट प्रिंटर घ्यावा कीं न घ्यावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

केवळ यंत्राची किंमत पाहणें म्हणजे वैरणीचा विचार न करतां म्हैस दावणीस बांधणें होय. समजा, यंत्र ४००० रुपयांचें आहे. त्याचें काळ्या शाईचें कार्ट्रिज ९०० रुपयांस पडतें व त्यांतून १८० पृष्ठें निघतात. म्हणजे पृष्ठामागें ५ रुपये नुसत्या शाईलाच गेले. टाकींत शाई ओतण्याचें यंत्र १२००० रुपयांचें, पण ५०० रुपयांच्या बाटलींत ४५०० पृष्ठें होतात असें धरलें, तर पृष्ठास ११ पैसे. वरचे ८००० रुपये सुमारें १६४० पृष्ठांत भरून येतात. महिन्यास २५० पृष्ठें छापणाऱ्यास याला साडेसहा महिने पुरेत. २० पृष्ठें छापणाऱ्यास जवळजवळ सात वर्षें! दुकानदार हा हिशेब सहसा मांडून दाखवीत नाहीं.

१९७७ सालीं जपानांतील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत डाख देण्याची तापलेली कांडी शाईच्या पिचकारीच्या सुईला लागली आणि शाई उडाली; त्यांतून या छपाईची एक रीत निघाली. शाई अतिसूक्ष्म छिद्रांतून उडते, आणि दुखणें नेमकें त्या छिद्रांचें आहे. काम संपलें कीं छपाईचें डोकें आपल्या जागीं जाऊन झांकलें जातें. मध्येंच वीज गेली, अगर कोणीं यंत्राचें बटण न दाबतां भिंतीवरचाच खटका बंद केला, तर तें उघडें राहतें व वैशाखाच्या कोरड्या हवेंत शाई वाळून बसते. मग सफाई करावी, तर तींतहि शाईच खर्च होते. आठवड्यास एखादें रंगीत पान छापीत राहणें त्यापेक्षां स्वस्त. ज्याच्याकडे महिना महिना छपाईच नसते, त्यानें भुकटीवर चालणारा काळा लेसर प्रिंटर पाहावा. ती वाळत नाहीं.

नमुन्याचें पान दुकानांतच काढून घ्यावें आणि दहा मिनिटांनीं त्यावर ओलें बोट फिरवावें. विरघळणाऱ्या रंगाची शाई पसरते; रंगकणांची काळी शाई बहुधा टिकते. पावसांत तहसील कचेरी गांठणाऱ्यास हा भेद फार मोठा आहे.

खरा लाभ मात्र स्कॅनरचा. खरेदीखताची प्रत परक्या दुकानांतील संगणकावर राहून जाण्याची धास्ती घरीं नसते. तरी कांहीं यंत्रें शाई संपतांच स्कॅनहि नाकारतात. तें अगोदर विचारावें. दुरुस्ती गांवांत होते कीं पुण्यास, हेंहि विचारावें. बिघडलेलें यंत्र घेऊन दौंडहून पुण्याचा फेरा पडला, तर बुडालेल्या दिवसाची कमाई शाईच्याच खात्यांत मांडली पाहिजे.