परागाला बांध नसतो

मंडळी, बीटी वांगे हे नाव तुम्ही ऐकले असेल. मातीतल्या एका जंतूचा गुण त्यात घातलेला आहे. तो खाऊन शेंडा व फळ पोखरणारी अळी मरते. मग भीती कसली? आम्ही म्हणतो, आधी फूल बघा.

वांग्याच्या फुलात पिवळे परागकोश असतात. त्यांच्या टोकाला बारीक भोके. पराग सहजी सुटत नाही. भुंगा फुलाला धरून गुणगुणतो, फूल थरथरते, अन् पराग बाहेर उडतो. पुष्कळ फुले आपल्याच परागाने फळतात. पण भुंग्याच्या अंगाला लागलेला पराग शेजारच्या वावरातही जातो. त्याला बांध थोडाच कळतो!

शिवाय वांग्याचे रानटी भाऊबंद आपल्या देशात आहेत. काहींशी त्याचा संकर होतो. तो गुण रानात शिरला, तर कीड न लागणारे तण माजेल का, हे तपासावेच लागते.

कपाशीचे तसे नाही बरं का. गुण ज्या धाग्यांवर असतात, ती गुणसूत्रे. अमेरिकन कपाशीत ती ५२, देशीत २६. जोडी जमत नाही, म्हणून त्यांच्या संकराला सहसा बी धरत नाही. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. बीटी वांग्याला मात्र सरकारने २०१० साली स्थगिती दिली.

भरताच्या वांग्याचे घरचे बी राखायचे, तर कळी उमलण्याआधी तिला पातळ कापडाची पिशवी बांधा. फळ धरले की पिशवी काढा, देठाला दोरा बांधा, अन् ते फळ बियाण्याला ठेवा.