लवचिक पट्टी : आधार की उपचार?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आपली बहुतेक कुटुंबे अंगमेहनतीस सरावलेली आहेत. आवणीच्या दिवसांत दिवसभर ओणवे राहून कंबर धरते, उन्हाळ्यात दुरून हंडे वाहून गुडघे कुरकुरतात आणि कबड्डीच्या मैदानावर तरुणांचे घोटे मुरगळतात. अशा दुखण्यांवर औषधांच्या दुकानांत मिळणारी रंगीत, लवचिक, चिकट पट्टी हल्ली आपल्या मुलांच्या अंगावर दिसते. तिचा गुण किती आणि मर्यादा कोणती, हे आज सांगावयाचे आहे.

ही पट्टी जपानमधील केन्झो कासे यांनी १९७० नंतरच्या दशकात तयार केली. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या खांद्यांवर ती जगाने पाहिली. सुती कापडास लवचिक धागा व उष्णतेने घट्ट बसणारा चिकट लेप असे तिचे साधे स्वरूप. औषध तिच्यात नसते. ती त्वचा किंचित उचलून रक्ताभिसरण सुधारते, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. परंतु २०१४ साली ‘जर्नल ऑफ फिजिओथेरपी’ या नियतकालिकात १२ प्रयोगांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात या पट्टीचा लाभ नाममात्र पट्टीहून अधिक नाही, अथवा असलाच तर फार थोडा, असा निष्कर्ष निघाला.

मग ती निरुपयोगी म्हणावी काय? तसेही नाही. आपल्या भगिनी डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा उचलतात. चुंबळीने हंड्याचे वजन रतिभरही घटत नाही. डोक्यास टोचत नाही, इतकेच. पट्टीचे तसेच आहे. तिच्या स्पर्शाने काहींना काही काळ बरे वाटते व सांधा जपून हलविण्याची आठवण राहते. मात्र तुटलेला अस्थिबंध ती जोडीत नाही आणि झिजलेला गुडघा भरून काढीत नाही.

खरा धोका येथेच आहे. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांतच सूज आली, अथवा चालताना गुडघा अचानक दगा देऊ लागला, तर आतील अस्थिबंध तुटल्याचा संभव असतो. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकवत नसतील, तर हाड मोडल्याची शंका घेऊन क्ष-किरण तपासणी करावी. अशा पायावर पट्टी लावून पुढच्या सामन्यास उतरणे म्हणजे चुंबळीच्या भरवशावर फुटका हंडा वाहणे होय. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठण्यात कमीपणा नाही. ताज्या दुखापतीस जोराने चोळू नये व ओढाताणही करू नये. विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा, दाबपट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा.

पट्टी लावावयाचीच तर जाणकाराकडून शिकून लावावी. त्वचा स्वच्छ व कोरडी असावी, तेलाचा अंश नसावा. पट्टीचे कोपरे गोल कापावे, दोन्ही टोके न ताणता चिकटवावी आणि वरून तळहात फिरवून ऊब द्यावी. साधारण तीन ते पाच दिवसांनी तेल लावून हळूहळू काढावी. खाज अथवा पुरळ उठल्यास तत्काळ काढावी. जखमेवर किंवा त्वचारोगावर ती लावू नये. पोटरी अचानक सुजून दुखू लागल्यास आत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा पट्टी न लावता वैद्याकडेच जावे. मधुमेही व नाजूक त्वचेच्या वृद्धांनी आधी वैद्यास विचारावे.

जुनाट गुडघेदुखीवर पट्टीहून अधिक भरवशाचा, बिनखर्चाचा उपाय म्हणजे व्यायाम. खाटेवर बसून एक पाय सरळ करावा, मनात पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा, मग सावकाश खाली न्यावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, रोज सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरील भार ते वाटून घेतात.

माता-भगिनींना विशेष विनंती अशी की, आवणी उरकल्यावर बघू, म्हणून दुखणे लांबणीवर टाकू नका. घरातील कर्त्या पुरुषांनी त्यांचे ओझे वाटून घ्यावे. त्याहून चांगला आधार कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.